पासवर्ड चोरणारं मालवेअर: ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी आणि ऑफिसांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मशीनमध्ये माहिती चोरणारं मालवेअर शिरल्याचा संशय आला, की बहुतेक जण आधी अँटिव्हायरस चालवतात आणि पासवर्डचं नंतर बघू म्हणतात. हा क्रम उलटा आहे. या जातीच्या मालवेअरला, ज्याला धंद्यात ‘स्टीलर’ म्हणतात, आपलं काम उरकायला बऱ्याचदा मिनिटभरही लागत नाही. तुम्ही स्कॅन सुरू करेपर्यंत माल बाहेर गेलेला असतो. म्हणून घाईत असाल तर फक्त पहिला प्रश्न वाचा, त्याप्रमाणे करा आणि मग बाकीच्या पानाकडे वळा. पायऱ्या विंडोज १० आणि ११ धरून दिल्या आहेत. मॅक आणि अँड्रॉइडचं शेवटी आहे.

आत्ता, या क्षणी काय करू?

खात्यातून पैसे गेले असतील तर सगळं बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवून खातं, कार्ड, नेटबँकिंग थांबवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तर परत मिळण्याची आशा असते, आणि त्यात मिनिटं मोजली जातात.

पैसे शाबूत असतील तर संशयित मशीनचं नेट तोडा. वायफाय बंद करा, लॅनची वायर उपसा. आता ते मशीन सोडून द्या आणि दुसरं स्वच्छ साधन हातात घ्या. बहुतेकांसाठी ते म्हणजे मोबाइल, तोही मोबाइल डेटावर. त्यावरून पासवर्ड बदला, पण दिसेल तसे नाही. पहिला नंबर मुख्य ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांच्या ‘पासवर्ड विसरलात?’च्या लिंक तिथेच येतात. त्यानंतर नेटबँकिंग आणि डीमॅट, मग मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपलचं खातं, मग व्हॉट्सॲप, टेलिग्राम, फेसबुक, इन्स्टाग्राम, आणि मग आयकर, जीएसटी, वेबसाइटचं होस्टिंग वगैरे कामाची खाती.

नवा पासवर्ड त्या बाधित मशीनवर टाइप करू नका. ‘बघू तरी चालतो का’ म्हणून एकदासुद्धा नाही.

पासवर्ड बदलला, तरी कोणीतरी अकाउंटमध्ये शिरतंय. ओटीपीसुद्धा आला नाही. कसं शक्य आहे?

कारण त्याला पासवर्डची गरजच नाही. तुम्ही एकदा लॉगिन केलंत की साइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक सेशन कुकी ठेवते आणि पुढच्या वेळी ती बघूनच आत घेते. म्हणून तर जीमेल रोज पासवर्ड विचारत नाही. स्टीलर ही कुकी उचलतो, चोर ती आपल्या ब्राउझरमध्ये टाकतो आणि साइटला वाटतं की तुम्हीच आलात. ओटीपीची पायरी तुम्ही आधीच पार केलेली असल्यामुळे ती पुन्हा येतच नाही.

त्यामुळे नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, सगळीकडून लॉगआउट करावं लागतं. गुगलमध्ये अकाउंटच्या सिक्युरिटी भागात ‘युवर डिव्हायसेस’ उघडा आणि हातातल्या साधनाशिवाय सगळी काढा. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’, टेलिग्राममध्ये ‘डिव्हायसेस’, फेसबुक-इन्स्टाग्रामला अकाउंट्स सेंटरमधलं ‘व्हेअर यू आर लॉग्ड इन’.

तरीही माणूस परत येत असेल तर त्याने मागचं दार उघडं ठेवलंय. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’ हे दोन्ही टॅब उघडून बघा. बँकेची किंवा ठरावीक पार्टीची मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवून इथली प्रत थेट कचऱ्यात टाकणारा एखादा फिल्टर तिथे बसलेला असू शकतो, आणि तो पासवर्ड बदलून जात नाही. रिकव्हरीचा फोन नंबर, रिकव्हरी ईमेल, ॲप पासवर्ड आणि जोडलेली बाहेरची ॲप तपासा, बॅकअप कोड नव्याने काढा.

हा स्टीलर नक्की काय काय चोरतो?

चोराच्या हाती जी झिप फाइल पडते, तिला त्या बाजारात ‘लॉग’ म्हणतात. एका मशीनचा एक लॉग. उघडला की आत एका टेक्स्ट फाइलमध्ये साइट, यूजरनेम, पासवर्ड अशा तीन-तीन ओळींची यादी. शेजारी प्रत्येक ब्राउझरच्या कुकी. ऑटोफिलमधला पत्ता, फोन, कार्डाचा तपशील. क्रिप्टो वॉलेटच्या फाइली. टेलिग्राम, डिस्कॉर्ड, स्टीमचे लॉगिन. वेबसाइटच्या फाइली चढवायच्या फाइलझिला प्रोग्रॅममध्ये साठवलेले सर्व्हरचे पासवर्ड. आणखी एका फाइलमध्ये मशीनचं नाव, आयपी पत्ता, विंडोजची आवृत्ती, कोणता अँटिव्हायरस आहे ते. आणि त्या क्षणी स्क्रीनवर जे होतं त्याचा फोटो.

बरेच स्टीलर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समध्ये नावावरून फाइली शोधतात. नावात ‘पासवर्ड’, ‘बँक’, ‘वॉलेट’ असे शब्द असले की ती फाइल उचलायची. डेस्कटॉपवर ‘ऑल पासवर्ड्स’ नावाची एक्सेल शीट असेल तर ती गेली असंच समजा.

हे लॉग टेलिग्राम चॅनलवर आणि चोरबाजारात विकले जातात. विकत घेणारा वेगळा, चोरणारा वेगळा, म्हणून चोरी आज झाली तरी फटका सहा महिन्यांनीही बसू शकतो. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या क्लाउड सेवेच्या अनेक ग्राहक कंपन्यांचा डेटा गेला, तेव्हा वापरलेले काही पासवर्ड २०२० पासून स्टीलरच्या लॉगमध्ये पडून होते. ते कोणी बदललेच नव्हते आणि त्या खात्यांना दुसरी पडताळणीही लावलेली नव्हती.

क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड एनक्रिप्टेड असतात ना?

असतात. पण विंडोजमधलं ते एनक्रिप्शन मुळात तुमच्या विंडोज यूजरशी बांधलेलं होतं. त्या यूजरच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम विंडोजला सांगून ते उलगडून घेऊ शकायचा. तिजोरी भक्कम, पण घरातला कोणीही मागेल त्याला किल्ली मिळते, अशातला प्रकार. जुलै २०२४ मध्ये क्रोम १२७ पासून कुकींसाठी जादा कवच आलं, ज्यात किल्ली फक्त क्रोमलाच मिळावी अशी सोय केली. काही आठवड्यांतच स्टीलर बनवणाऱ्यांनी त्यावर तोड काढली. क्रोम अद्ययावत ठेवाच, पण बँकेचा आणि मुख्य ईमेलचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह न करणं हेच बरं.

हे मशीनमध्ये येतं तरी कसं?

आपल्या भागात तीन वाटा फार चालतात.

पहिली वाट फुकटच्या सॉफ्टवेअरची: फोटोशॉपचा क्रॅक, ऑफिसचा ॲक्टिव्हेटर, गेमची चीट. यूट्यूबवर व्हिडिओ, खाली लिंक, पासवर्ड लावलेली झिप, आणि ‘इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा’ अशी सूचना. झिपला पासवर्ड असतो तो स्कॅनरला आत डोकावता येऊ नये म्हणून. कधी कधी आतली फाइल मुद्दाम रिकामी हवा भरून ७०० एमबीच्या वर फुगवतात, म्हणजे ऑनलाइन तपासणीच्या साइटवर ती चढतच नाही.

दुसरी वाट नवी आहे आणि तिला हुशार माणसंही फसतात. एखादी साइट उघडताना ‘मी रोबोट नाही’ची चौकट येते. टिक केलं की पुढची पडताळणी म्हणून तीन पायऱ्या दिसतात: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. टिक करतानाच त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर एक लांबलचक कमांड ठेवलेली असते. विंडोजचं बटण आणि आरने उघडते ती रनची खिडकी अरुंद, त्यामुळे तिथे कमांडचं फक्त शेपूट दिसतं, आणि शेपटाला मुद्दाम ‘रोबोट नाही, पडताळणी क्रमांक अमुक’ असा मजकूर चिकटवलेला असतो. एंटर मारलं की पॉवरशेल हे विंडोजचंच कमांड चालवणारं टूल चालतं आणि स्टीलर उतरतो. यात कुठलीही फाइल डाउनलोड झाल्याचं दिसत नाही, कमांड माणसाने स्वतःच्या हाताने चालवलेली असते, म्हणून ब्राउझरचा इशाराही येत नाही. खरी कॅप्चा, म्हणजे ही ‘मी रोबोट नाही’ची चौकट, कधीही कीबोर्डची बटणं दाबून काही पेस्ट करायला सांगत नाही. घरातल्या सगळ्यांना ही एकच गोष्ट शिकवली तरी मोठं काम होईल.

तिसरी वाट ऑफिसांची. न्हावा शेवा बंदराचं काम करणारे वाशी-बेलापूरचे कस्टम ब्रोकर, फॉरवर्डर, एपीएमसीतले व्यापारी, वागळे इस्टेट आणि तुर्भ्याचे कारखानदार यांच्याकडे दिवसभर अनोळखी पत्त्यांवरून कोटेशन, परचेस ऑर्डर, बिल ऑफ लेडिंग येतच असतात. एजंट टेस्ला आणि फॉर्मबुक ही जुनी मालवेअर याच वेषात येतात: ‘शिपिंग डॉक्युमेंट्स’ नावाची रार, झिप किंवा आयएमजी फाइल, आत पीडीएफचं चिन्ह लावलेली पण प्रत्यक्षात ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, असलेली फाइल. विंडोज मूळ सेटिंगमध्ये एक्स्टेंशन, म्हणजे नावाच्या शेवटचं ‘.pdf’, ‘.exe’, लपवतं, म्हणून ती पीडीएफच भासते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये (विंडोज ११ वर त्यातल्या ‘शो’मध्ये) ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’ चालू करा. ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर, आजच. हे मालवेअर नुसते पासवर्ड नेऊन थांबत नाही. मेल वाचणारा चोर खऱ्या बिलाची वाट बघतो आणि पेमेंटच्या वेळी ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असं पत्र पाठवतो. खाते क्रमांक बदलल्याची मेल आली की जुन्या, माहितीतल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

काही लक्षणं दिसतात का?

फारशी नाही. मशीन मंद होत नाही, जाहिराती येत नाहीत. काळी खिडकी क्षणभर चमकून गेली, डाउनलोड केलेला सेटअप उघडलाच नाही, विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर आपोआप बंद दिसला, एवढंच. बहुतेकांना कळतं ते ‘नवीन ठिकाणाहून साइन-इन’च्या मेलवरून किंवा इन्स्टाग्रामवर आपल्या नावाने क्रिप्टोची जाहिरात लागल्यावर.

कॅप्चाचा फसवा प्रकार घडला होता का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. रनची खिडकी उघडा आणि उजवीकडच्या छोट्या बाणावर क्लिक करा. आधी चालवलेल्या कमांड तिथे दिसतात. पॉवरशेल (powershell) किंवा एमएसएचटीए (mshta) या शब्दाने सुरू होणारी, तुम्हाला न आठवणारी ओळ दिसली तर संशय खरा आहे. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता मशीनमधून काढायचं कसं?

आधी एक सांभाळा. विंडोज ११ वर डिव्हाइस एनक्रिप्शन बहुधा चालूच असतं, आणि सेफ मोडकडे किंवा रिकव्हरीत जाताना मशीन ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मोबाइलवरून लॉगिन करून आधीच कागदावर उतरवून घ्या, नाहीतर ऐनवेळी स्वतःच्याच डेटाबाहेर उभे राहाल.

विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जच्या तळाशी ‘एक्सक्लूजन्स’ असतात. स्कॅन करण्याआधी तिथे बघायचं, कारण मालवेअर आपलाच फोल्डर, कधी अख्खा सी ड्राइव्ह, तिथे नोंदवून ठेवतं आणि मग कितीही स्कॅन करा, ‘काही सापडलं नाही’ असंच येतं. तुम्ही न घातलेल्या सगळ्या नोंदी काढा.

पासवर्ड आणि सेशनचं काम झालं असेल तर मोबाइल हॉटस्पॉट जोडून डिफेंडरच्या डेफिनिशन्स, म्हणजे मालवेअर ओळखायच्या याद्या, अद्ययावत करा. ऑफिसच्या लॅनवर परत जोडू नका, बाजूची मशीन आहेत. मग नेट तोडा आणि ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आत स्कॅन होतो, साधारण १५ मिनिटं लागतात. निकाल ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त दिसतो. त्यानंतर साधा फुल स्कॅन. दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स किंवा ईसेटचा ऑनलाइन स्कॅनर चालवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही फुकट टूल मिळतात. दोन अँटिव्हायरस कायमचे एकत्र बसवू नका, एकमेकांच्या पायात येतात.

मग मशीन चालू होताना काय काय सुरू होतं ते हाताने बघा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं ‘ऑटोरन्स’ हे टूल यासाठी उत्तम. ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ चालू करा, म्हणजे यादी आटोपशीर होते. ॲपडेटा किंवा टेम्प फोल्डरातून चालणारी, अर्थहीन नावाची फाइल. पॉवरशेलच्या पुढे अक्षरांचा लांब गाळ. व्हीबीएस फाइल चालवणारी नोंद. हे सगळं संशयास्पद. टास्क शेड्युलर आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन्सही बघा. टास्क मॅनेजरवर एकट्यावर विसंबू नका. स्टीलर रेगॲझ्म (RegAsm) किंवा एमएसबिल्ड (MSBuild) अशा मायक्रोसॉफ्टच्याच प्रोग्रॅमच्या पोटात शिरून चालतो आणि नाव साधं दिसतं. प्रोग्रॅमिंग न करणाऱ्याच्या मशीनवर हे दोन सतत चालू दिसले तर शंका घ्या.

स्कॅनमध्ये काहीच सापडलं नाही. म्हणजे सुटलो?

नाही. लुमा, रेडलाइनसारखे कित्येक स्टीलर माल पाठवला की स्वतःला पुसून टाकतात किंवा रिस्टार्टनंतर उरतच नाहीत. स्वच्छ स्कॅनचा अर्थ एवढाच, की आत्ता तिथे ओळखीचं काही नाही. चोरी झाली नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. संशयाचं कारण पक्कं असेल तर पासवर्ड बदलायचेच.

मग फॉरमॅट करायलाच हवं का?

आमचं मत: ज्या मशीनवरून पैशाचे किंवा दुसऱ्यांच्या कागदपत्रांचे व्यवहार होतात, तिथे होय. स्टीलरसोबत दुसरं काय उतरलं, हे स्कॅनवरून शंभर टक्के सांगता येत नाही.

घरच्या मशीनसाठी ‘रिसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि ‘क्लाउड डाउनलोड’ निवडा; सुमारे ४ जीबी डेटा लागतो. ‘कीप माय फाइल्स’ निवडू नका. त्याहून पक्कं म्हणजे दुसऱ्या स्वच्छ मशीनवर मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घेऊन, सगळी पार्टिशन्स उडवून नव्याने बसवणं. ॲक्टिव्हेशनची चिंता नको, खरं लायसन्स असेल तर मदरबोर्डवरून ओळखलं जातं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मशीन झेपत असेल तर थेट ११ बसवा.

पोलिसात तक्रार करणार असाल तर जुनी डिस्क पुसू नका. नवीन एसएसडी टाकून त्यावर विंडोज बसवा आणि जुनी डिस्क तारीख लिहून पाकिटात ठेवा. पुरावा राहतो आणि कामही थांबत नाही.

डेटा घेताना फोटो, पीडीएफ, वर्ड, एक्सेल एवढंच घ्या. ईएक्सई, एमएसआय, एससीआर, बॅट, जेएस, एलएनके, आयएसओ घेऊ नका. दुकानात देत असाल तर एक अट आधीच सांगा: ‘सोबत’ म्हणून क्रॅक ऑफिस किंवा ॲक्टिव्हेटर टाकायचा नाही.

टॅली आणि डिजिटल सिग्नेचरचं काय?

टॅलीचा बॅकअप टॅलीमधूनच घ्या आणि फॉरमॅटआधी लायसन्स सरेंडर करा. त्याला नेट लागतं. ऑफलाइन स्कॅननंतर हॉटस्पॉटवर दोन मिनिटांत होतं. विसरलात तर विक्रेत्याच्या मागे लागून मोकळं करून घ्यावं लागतं.

डिजिटल सिग्नेचरची किल्ली यूएसबी टोकनच्या बाहेर कॉपी होत नाही. पण टोकन दिवसभर लावलेलं असेल आणि मशीन दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर तो तिथेच बसून सही करू शकतो. सही झाली की टोकन काढा. पिन मशीनवर लिहिलेला होता का? मग बदला.

आमच्या सीए ऑफिसात दोनशे क्लायंटचे पासवर्ड एका एक्सेलमध्ये आहेत. ती फाइल गेली असेल तर?

तर हा तुमच्या एकट्याचा प्रश्न राहिला नाही, आणि हे क्लायंटना त्याच दिवशी सांगायला हवं. अवघड फोन असतात, पण ज्यांचा पॅन, जन्मतारीख, बँक खातं आणि पासवर्ड एका ओळीत बाहेर गेलंय त्यांना ते कळण्याचा हक्क आहे. आयकर पोर्टलवर ‘ई-फायलिंग व्हॉल्ट’ची सोय आहे. ती लावली की नुसत्या पासवर्डवर लॉगिन होत नाही. आधार ओटीपी, डिजिटल सिग्नेचर किंवा नेटबँकिंग लागतं. रिफंड ज्या खात्यात यायचा तो तपशीलही तपासा. पुढे एक्सेल बंद, पासवर्ड मॅनेजर चालू. बिटवॉर्डन किंवा कीपास चालेल. मास्टर पासवर्ड लांब ठेवा आणि काम संपलं की लॉक करा.

तक्रार कुठे?

१९३० किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टल. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर ठाणे शहर आयुक्तालयात येतात. वाशीपासून पनवेल-उरणपर्यंत नवी मुंबई आयुक्तालय. दोन्हींचं सायबर पोलीस ठाणं आहे. मीरा-भाईंदरसाठी वेगळं आयुक्तालय आहे. सोबत व्यवहाराचे क्रमांक, वेळ, संशयित मेल मूळ स्वरूपात आणि स्क्रीनचे फोटो न्या. दुसऱ्याची ओळख, पासवर्ड वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी (66C) खाली गुन्हा आहे.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरलं होतं, की चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नाही. निष्काळजीपणा ग्राहकाचा ठरला तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेकडे जातं. म्हणून बँकेला लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक जपा. कंपन्यांना सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात.

लुमा तर पोलिसांनी बंद पाडला ना?

मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि इतरांनी मिळून त्याची सुमारे २,३०० डोमेन ताब्यात घेतली किंवा बंद केली. त्याआधीच्या दोन महिन्यांत लुमाने बाधित झालेली ३,९४,००० हून अधिक विंडोज मशीन त्यांना आढळली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडलाइनवर अशीच कारवाई झाली. यंत्रणा कोलमडली तरी विकलेले लॉग परत येत नाहीत, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या स्टीलरकडे वळतं. आपला ईमेल अशा लॉगमध्ये आहे का, ते ‘हॅव आय बीन पॉन्ड’ साइटवर फुकट बघता येतं.

मॅकवर होतं का?

होतं. ॲटॉमिक नावाचा स्टीलर खोट्या ॲपमधून किंवा टर्मिनलमध्ये ओळ पेस्ट करायला लावून येतो, आणि खऱ्यासारखी दिसणारी चौकट दाखवून मॅकचा पासवर्ड मागतो. पहिल्या प्रश्नातला क्रम तसाच लागू.

मोबाइलवर ‘चलान’ची एपीके फाइल उघडली गेली. आता?

चलान, गॅस बिल, लग्नपत्रिका यांपैकी काहीही एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवणाऱ्या, फाइलमध्ये येत नाही. ही ॲप एसएमएस वाचून ओटीपी पुढे पाठवतात, त्यामुळे इथे मोबाइल हेच बाधित साधन. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून किंवा स्वच्छ कॉम्प्युटरवरून बदला. विमान मोड लावा, वायफायही बंद आहे याची खात्री करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय थांबवा. मग फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच फोनवर पॉवर मेन्यूतला ‘पॉवर ऑफ’ दाबून धरला की हा पर्याय येतो. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’मधून त्या ॲपचा अधिकार काढा, नाहीतर अनइन्स्टॉलचं बटण दबतच नाही. मग ॲप काढा. आयकॉन दिसत नसेल तर सेटिंग्जमधल्या सगळ्या ॲपच्या यादीत शोधा, बरीचशी नाव-चित्राशिवाय लपलेली असतात. नेटवर्क सुरू केल्यावर ##००२# डायल करून सगळी कॉल फॉरवर्डिंग रद्द करा. त्या फोनवर बँकेची ॲप असतील तर फोटो आणि संपर्क काढून घेऊन फॅक्टरी रिसेट करा, आणि यूपीआय त्यानंतरच पुन्हा नोंदवा.